निबंध कोणासाठी?

कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हे तालुक्याचे गाव महाराष्ट्राच्या सीमेजवळ वसलेले आहे. त्याच्या एका अंगास अक्कलकोट, दुसऱ्या अंगास उमरगा, आणि शेजारच्या बिदर जिल्ह्यात चालुक्यांची जुनी राजधानी कल्याण. १९४८ पर्यंत अक्कलकोट वगळता हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू. घराघरांतून आणि बाजारातून कन्नड, मराठी आणि दखनी यांचा वावर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कचेरीची भाषा बदलली. माणसे मात्र तीच राहिली.

त्या जुन्या काळात पावसाने दगा दिलेल्या एखाद्या शेतकऱ्याची कल्पना करावी. त्याला तीन कागद पाठवावयाचे आहेत. पहिला तहसीलदाराला, साऱ्याची सूट मागण्यासाठी. दुसरा सावकाराला, हप्त्याची मुदत वाढवून घेण्यासाठी. तिसरा सोलापूरच्या गिरणीत कामाला असलेल्या धाकट्या भावाला, चार पैसे मागण्यासाठी. तिन्ही कागदांतील मजकूर एकच: पीक बुडाले. पण पहिल्या कागदात गटाचा आकार, पेरणीची तारीख आणि नम्रतेची ठरीव वाक्ये येतील. दुसऱ्यात वाडवडिलांपासूनच्या व्यवहाराची आठवण येईल. तिसऱ्यात आईच्या दुखण्याचा उल्लेख येईल आणि पिकाची गोष्ट कदाचित शेवटच्या ओळीत येईल. हा शेतकरी कोणत्याही महाविद्यालयात गेलेला नाही. तरीही लिहिण्याचा हेतू कोणता, वाचणारा कोण आणि त्याचे मन कोणत्या वाटेने वळेल, या तीन गोष्टींचा विचार त्याने केलेला आहे.

महाविद्यालयात निबंधलेखन शिकविताना हाच विचार पुष्कळदा मागे पडतो. उत्कृष्ट निबंध म्हणून काही उतारे विद्यार्थ्यांपुढे ठेवले जातात. त्यांतील अलंकार मोजले जातात, भाषेची शुद्धता वाखाणली जाते आणि मुलांना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले जाते. तो निबंध कोणासाठी लिहिला गेला, कोणाविरुद्ध लिहिला गेला आणि कोणाला तो वाचताच आला नाही, हे प्रश्न विचारले जात नाहीत. मराठी निबंधाचा इतिहास पाहू लागले म्हणजे मात्र या प्रश्नांवाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

हे प्रश्न परदेशातून आणलेले आहेत, असेही नाही. संस्कृत शास्त्रग्रंथांच्या आरंभी चार गोष्टी सांगण्याचा प्रघात होता: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. यालाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. प्रयोजन म्हणजे ग्रंथाचा हेतू; अधिकारी म्हणजे तो ज्याच्यासाठी रचला तो वाचक. मम्मटाने काव्यप्रकाशात उपदेशाच्या तीन रीती सांगितल्या. एक मालकासारखी आज्ञा करणारी, दुसरी मित्रासारखी समजावणारी, तिसरी प्रिय पत्नीसारखी गोडीने वळविणारी. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही मन वळविण्याची तीनच साधने मानली: बोलणाऱ्याचे शील, ऐकणाऱ्याच्या भावना आणि विधानातील युक्तिवाद. दोन्ही परंपरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती ही की ऐकणाऱ्यावाचून बोलणे पुरे होत नाही.

आळंदच्या शेजारच्या कल्याणातच याची दोन मोठी उदाहरणे सापडतात. सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली आणि तिला मिताक्षरा हे नाव दिले. मोजक्या अक्षरांची टीका, असा त्याचा अर्थ. पंडितांच्या वेळेची किंमत जाणणाऱ्या लेखकाने ग्रंथाच्या नावातच आपली रीत सांगून टाकली. या ग्रंथाचे पुढचे नशीब तर फारच बोधप्रद आहे. १८१० मध्ये कोलब्रुक याने त्यातील दायविभागाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि इंग्रज न्यायाधीश त्यावरून हिंदूंच्या वारसाहक्काचे निवाडे करू लागले. पंडितांच्या चर्चेसाठी लिहिलेला शब्द न्यायालयाचा हुकूम होऊन बसला. वाचक बदलला आणि ग्रंथाचे कार्यही बदलले.

दुसरे उदाहरण बाराव्या शतकातील शिवशरणांच्या वचनांचे. बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी संस्कृत सोडून लोकांच्या कन्नडात बोलले, हा त्यांचा पहिला निर्णय. वचनाच्या शेवटी इष्टदेवतेचे नाव मुद्रिका म्हणून येते. बसवेश्वरांच्या वचनांत ते कूडलसंगमदेवाचे आहे. वरवर पाहता भक्त देवाशी बोलत असतो. पण भोवती बसलेला चांभार, विणकर आणि व्यापारी ते ऐकत असतो. देवाला उद्देशून आणि समाजाला ऐकू जाईल असे बोलणे, ही वचनाची खरी शक्ती होय.

आता निबंधाकडे वळावे. निबंध हा शब्द जुनाच आहे. धर्मशास्त्रात निरनिराळ्या ग्रंथांतील वचने एकत्र बांधून केलेल्या संग्रहाला निबंध म्हणत. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणी हा अशाच प्रकारचा ग्रंथ. फ्रान्समध्ये माँतेन्यने १५८० मध्ये आणि इंग्लंडात बेकनने १५९७ मध्ये जो लेखनप्रकार रूढ केला, त्याला एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखकांनी हाच जुना शब्द लावला. पण जुन्या निबंधाचा वाचक ठरलेला होता. नव्या निबंधाला आपला वाचक शोधावा लागला, किंबहुना घडवावा लागला.

त्या शोधाचे पहिले चित्र ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालेल्या दर्पण पत्रात दिसते. बाळशास्त्री जांभेकरांनी या पत्रात इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारीशेजारी छापले. एका स्तंभाचा वाचक राज्य करणारा, दुसऱ्याचा वाचक ज्याच्यावर राज्य होते तो. एतद्देशीयांस नवी विद्या कळावी आणि त्यांचे म्हणणे युरोपियनांसही समजावे, असा दुहेरी हेतू त्या एका पानावर मांडलेला होता. मराठी गद्याने वृत्तपत्रात प्रवेश केला तोच असा दोन तोंडांनी बोलत.

सोळा वर्षांनी भाऊ महाजनांच्या प्रभाकर पत्रातून लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीत होते. १८४८ ते १८५० या काळात त्यांनी १०८ पत्रे लिहिली. त्यांनी निबंध न लिहिता पत्रे का लिहिली, हा प्रश्न विद्यार्थ्याने अवश्य विचारावा. पत्राला समोर माणूस लागतो. लोकहितवादींच्या समोर मुख्यतः पुण्याचा शिकलेला ब्राह्मणवर्ग होता आणि ते स्वतः त्याच वर्गातील होते. म्हणून त्यांची वाक्ये आखूड आहेत, शब्द घरातले आहेत, आणि राग घरातल्या माणसाचा आहे. आळस, अज्ञान, पोकळ कर्मकांड यांवर ते तुटून पडतात, तेव्हा भाषा सजविण्यास त्यांना सवड नसते. मम्मटाच्या भाषेत सांगावयाचे तर हा मित्राचा उपदेश. पण मित्र संतापलेला आहे.

जानेवारी १८७४ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली. या मासिकाचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकट्या शास्त्रीबोवांनी लिहिला. पहिलाच विषय होता मराठी भाषेची तत्कालीन स्थिती. त्यांचा वाचक नेमका होता: इंग्रजी शाळांतून बाहेर पडलेला तरुण. या तरुणाला मराठी लिहिण्याची लाज वाटे, आपल्या देशाचा इतिहास त्याने परक्यांच्या पुस्तकांतून शिकलेला असे, आणि इंग्रजी गद्याचा डौल त्याच्या मनात भरलेला असे. त्याचा स्वाभिमान जागा करणे हा मालेचा हेतू.

या हेतूसाठी शास्त्रीबोवांनी जी साधने योजली, ती पाहिली म्हणजे त्यांची शैली केवळ हौसेची नव्हती हे कळते. निबंधाच्या शिरोभागी संस्कृत सुभाषित, मग मेकॉले आणि जॉन्सन यांच्या वळणाची लांब, तोललेली वाक्ये, मध्ये मध्ये उपहासाचा चाबूक, आणि पूर्वपक्ष मांडून तो खोडण्याची शास्त्रीय पद्धत. जे इंग्रजीतच साधते असे तरुणाला वाटत होते, ते मराठीत साधून दाखविणे हाच त्यांचा मोठा युक्तिवाद होता. मराठी समर्थ आहे असे सांगण्यापेक्षा समर्थ मराठी लिहून दाखविणे अधिक परिणामकारक, हे त्यांनी ओळखले. त्यात त्यांचे शीलही भर घालीत होते. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली, १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल उघडले, आणि १८८१ च्या जानेवारीत केसरी व मराठा ही पत्रे त्यांच्या सहकार्याने निघाली. ॲरिस्टॉटलची तिन्ही साधने एका माणसाच्या हाती आली, तेव्हा निबंधमालेचा प्रभाव पडला. बत्तिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, मार्च १८८२ मध्ये, ते वारले.

पण याच निबंधमालेत जोतीराव फुले यांच्या लेखनाचा कठोर उपहास झाला. त्यांच्या व्याकरणाची, शब्दांची, वाक्यरचनेची थट्टा करण्यात आली. मराठी निबंधाच्या इतिहासातील हा प्रसंग महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने सावकाश तपासण्यासारखा आहे. कारण येथे दोन लेखकांच्या मतभेदाइतकाच दोन वाचकवर्गांतील अंतराचाही प्रश्न आहे.

फुले यांचे गुलामगिरी १८७३ मध्ये, म्हणजे मालेच्या आदल्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेत गुलामांची मुक्तता घडवून आणणाऱ्या सज्जनांना उद्देशून आहे. त्याला इंग्रजी प्रस्तावना आहे. ती राज्यकर्त्यांसाठी आणि इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी. आणि मुख्य ग्रंथ मराठीत, जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी वाचून दाखवावे, धोंडीबाने त्याच्याच मनातील शंका विचारावी, आणि उत्तर त्याच्या कानी पडावे, अशी ही योजना. जो लेखक एकाच पुस्तकात तीन वाचकांशी तीन रीतींनी बोलतो, त्याला लिहिणे येत नव्हते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या लेखकाला पंडिती वळण अपरिचित नव्हते. त्याच्या भाषेतील प्रत्येक खडबडीतपणा हेतुपुरस्सर होता असे नव्हे. पण तिचा एकंदर रोख मात्र निश्चित हेतुपुरस्सर होता.

याचा आणखी सबळ पुरावा शेतकऱ्याचा असूड या १८८३ मध्ये पुऱ्या झालेल्या ग्रंथात मिळतो. त्याचे भाग फुले यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढेही त्याचे वाचन झाले. लिहिलेला मजकूर ज्याच्याविषयी आहे त्यालाच ऐकवून पाहावयाचा, ही पद्धत त्या काळच्या निबंधकारांत विरळाच. शेतकऱ्याचे घर, त्याची भाकरी, त्याचे कर्ज यांची वर्णने त्यात इतक्या बारकाईने येतात, याचे कारण ऐकणारा शेतकरी चूक लगेच दाखवू शकत होता. निबंधमालेचा वाचक त्या घरात कधी गेलेला नव्हता. त्याच्या मापाने असुडाची भाषा मोजली, म्हणून ती अशुद्ध ठरली. माप बदलले असते तर निर्णयही बदलला असता.

या दोघांच्या काळातच तिसरा एक आवाज उठला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुषतुलना हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये झालेली शिक्षा आणि त्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर झालेली टीका, हे त्याचे निमित्त. ताराबाई मुख्यतः पुरुषांना समोर उभे करून प्रश्न विचारतात. घरगुती शब्द, म्हणी, टोमणे आणि एकामागून एक येणारे सवाल ही त्यांची साधने. पण ज्याला प्रश्न विचारले, त्या वाचकाने कान बंद केले. ज्या स्त्रियांच्या वतीने विचारले, त्यांतील बहुतेकींना वाचता येत नव्हते. फुले यांनी या लेखिकेची बाजू घेतली. तरी पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा त्याला त्याचा वाचक मिळाला. निबंध उत्तम असूनही वाचक त्र्याण्णव वर्षे उशिरा येऊ शकतो, हा या पुस्तकाचा धडा.

वाचकाचे महत्त्व लेखकांइतकेच सरकारनेही ओळखले होते. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा फक्त देशी भाषांतील पत्रांना लागू होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. तोच विचार इंग्रजीत छापला तर चालेल, मराठीत छापला तर धोक्याचा, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे लॉर्ड रिपनच्या काळात तो कायदा रद्द झाला, तरी राजद्रोहाचे कलम होतेच आणि देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश करणारे सरकारी भाषांतरकारही होते. म्हणजे प्रत्येक मराठी निबंधकाराला आता एक बिनवर्गणीचा वाचक मिळाला.

या वाचकाला चकविण्यासाठी शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये काढलेल्या काळ पत्रात वक्रोक्तीचा आश्रय केला. स्तुतीच्या रूपाने निंदा, पुराणकथेच्या आडून वर्तमान, रूपकाच्या आडून राजकारण. मराठी वाचकाला हसू फुटे. भाषांतरात मात्र केवळ स्तुती उरे. ही युक्ती कायमची चालली नाही. १९०८ मध्ये परांजप्यांनाही राजद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा झाली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवरील खटल्यात केसरीतील लेख न्यायालयापुढे आले ते भाषांतराच्या रूपात. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी गृहस्थ होते. मूळ शब्दांचा आशय भाषांतरात बिघडला आहे, हे टिळकांनी आपल्या दीर्घ भाषणात तपशिलाने दाखविले; तरी सात विरुद्ध दोन अशा मतांनी ते दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुण्याच्या वाचकासाठी लिहिलेल्या लेखाचा निवाडा, तो मुळात ज्यांच्यासाठी लिहिलाच नव्हता त्यांनी केला.

या सर्व मंडळींत गोपाळ गणेश आगरकरांचे स्थान निराळे आहे. केसरीचे संपादकत्व सोडल्यावर त्यांनी १८८८ मध्ये सुधारक पत्र काढले आणि त्याच वर्षी वाक्यमीमांसा हे मराठी वाक्याच्या पृथक्करणाचे पुस्तकही प्रसिद्ध केले. समाजाच्या रूढी आणि भाषेचे वाक्य, दोहोंना ते एकच शस्त्र लावीत होते: घटक वेगळे करावयाचे आणि प्रत्येकाचे कार्य विचारावयाचे. लोकांना न आवडणारे सांगावयाचे असल्यामुळे त्यांनी भावनेपेक्षा युक्तिवादावर भर दिला. वाचक रागावणार हे गृहीत धरूनच ते लिहीत. संतुष्ट वाचकाऐवजी विचार करणारा वाचक मिळावा, हा त्यांचा हेतू होता.

निबंधाचे पृथक्करण असेच करावयास हवे. वाक्याचे कर्ता, कर्म, क्रियापद ओळखल्यावर विद्यार्थ्याने पुढे विचारावे: हे कोणाला सांगितले जात आहे? त्याला आधीपासून काय ठाऊक आहे आणि कशाचे भय आहे? लेखकाला त्याच्याकडून काय हवे आहे? त्यासाठी त्याने पत्र, संवाद, प्रश्न, उपहास, आकडे यांतले काय निवडले? आणि शेवटचा प्रश्न, जो बहुधा राहून जातो: या निबंधाच्या दाराबाहेर कोणाला उभे ठेवले आहे? पहिल्या प्रश्नांनी चिपळूणकरांची थोरवी कळते. शेवटच्या प्रश्नाने त्यांची मर्यादा कळते. दोन्ही कळल्यावाचून त्यांचा अभ्यास झाला असे म्हणता येत नाही.

आळंदसारख्या सीमेवरील गावातील विद्यार्थ्यासाठी हा अभ्यास परीक्षेपुरता नाही. त्याच्या मराठीत कन्नडाचे वळण असते, उर्दूचे शब्द असतात. पुण्याच्या वाचकासाठी घडलेले माप त्याच्या वहीला लावले की लाल शाईच्या रेघा वाढत जातात आणि हळूहळू तो लिहिणेच सोडतो. व्याकरण त्याने शिकावे, हे निर्विवाद. अर्ज मंजूर व्हावयाचा तर अर्जाची भाषा यावीच लागते. परंतु चूक कोणती आणि निराळ्या वाचकासाठी केलेली निवड कोणती, हा भेद शिक्षकाने ओळखला नाही, तर फुले यांच्या बाबतीत झालेला निर्णय प्रत्येक वर्गात पुन्हा पुन्हा दिला जाईल. ज्या मुलाला घरी एका भाषेत, बाजारात दुसरीत आणि शाळेत तिसरीत बोलावे लागते, त्याला ऐकणाऱ्याची जाण उपजतच आलेली असते. निबंधशास्त्र ज्याला प्रयोजन आणि अधिकारी म्हणते, ते त्याच्या रोजच्या व्यवहारातच आहे. ते ओळखून कागदावर उतरविण्यास त्याला शिकवावे.

पीक बुडालेल्या त्या शेतकऱ्याच्या तीन कागदांपैकी सर्वांत शुद्ध कागद तहसीलदाराकडे गेला असेल. पण धाकट्या भावाला लिहिलेले पत्र अशुद्ध म्हणून फाडून टाकण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. ते ज्याच्यासाठी लिहिले होते, त्याला ते नीट कळले असणार.